ठिगळ नसलेला फर्मा

उस्तादांना गल्लीत सगळे उस्तादच म्हणत. काही जण मानानं म्हणत, काही मजेनं, आणि शेजारचा घड्याळवाला एकाच दमात दोन्ही प्रकारे. धंदा बुटांचा, पण दुकानात तयार माल औषधालाही नाही. गिऱ्हाईक यायचं, स्टुलावर बसायचं, मोजे काढायचं, आणि उस्ताद खाली बसून त्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. "जन्मभर लोकांचे पाय धरले, पण कुणापुढे वाकलो नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. नव्या गिऱ्हाइकाला ते पहिल्याच भेटीत ऐकावं लागे. जुन्यांचं ते पाठ झालेलं होतं, तरी ते बिचारे दर वेळी हसत.

पाय मोजून झाला की त्याचा फर्मा तयार व्हायचा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर कातडं ताणायचं, बूट शिवायचा आणि शेवटी फर्मा ओढून काढायचा, म्हणजे त्या जागी माणसाचा पाय जातो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर असे फर्मे जोडीजोडीनं टांगलेले असत. अख्ख्या गावाचे पाय तिथं अधांतरी उभे होते म्हणा ना.

आता पाय ही काही एकदा मोजून निकालात काढायची वस्तू नव्हे. माणसाचं वजन वाढतं, सांधे सुजतात, तळव्याची कमान बसते, बोटं एकमेकांच्या अंगावर चढतात. दर वेळी नवा फर्मा कोरत कोण बसणार? म्हणून पाय जिथं वाढला असेल तिथं जुन्याच फर्म्यावर कातड्याचं ठिगळ चिकटवतात आणि तासून गुळगुळीत करतात. भिंतीवरच्या सगळ्या फर्म्यांना अशी ठिगळं होती. एका म्हाताऱ्या वकिलांच्या फर्म्यावर तर ती इतकी झाली होती की मूळचं लाकूड शोधावं लागे. वकील त्याला आपलं आत्मचरित्र म्हणायचे.

एकच जोडी तेवढी वेगळी. ती भिंतीवर नव्हती. उस्ताद बसत त्या खिडकीशेजारी स्वतंत्र खुंटीवर होती. काळंभोर शिसवी लाकूड, तेल चोळून चोळून आरशासारखं झालेलं. तो त्यांच्या बायकोच्या पायाचा फर्मा. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी तो कोरला होता, आणि कुणी विचारलं नाही तरी ते दाखवत. "हा पाय बघा. निसर्गानं एकदाच काढलेला. पुन्हा त्याच्याच्यानंही जमलं नाही."

त्या फर्म्यावर ते दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी एक जोड शिवत. माप न घेता. घड्याळवाल्यानं एकदा विचारलं होतं, "वहिनींचा पाय कधी मोजत नाही का?" तर म्हणाले, "माप परक्याचं घेतात."

बायकोनं एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, तोंड उघडून पाहिलं होतं. नवे बूट घालून तिनं खोलीत एक फेरी मारली आणि म्हणाली, "अंगठ्यापाशी जरा आवळतंय का हो?" झालं. उस्तादांनी बूट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, "कातडं अजून बसायचंय" एवढं म्हणाले आणि पुढे आठवडाभर घरात 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' याच्या पलीकडे गेले नाहीत. भांडण परवडतं, त्याला शेवट तरी असतो. अबोल्याला कुठून धरायचं? तेव्हापासून बायकोचं उत्तर ठरून गेलं. जोड पायात घालायचा, एक फेरी मारायची आणि म्हणायचं, "छान झालेत." उस्ताद त्या दोन शब्दांवर वर्ष काढत.

दुकान बंद झालं की दोघं नदीवरच्या पुलापर्यंत फिरायला जात. हा नेम लग्नापासूनचा. पुलाच्या कठड्याला टेकून ती दिवसभराचं सांगायची, ते हल्लीच्या कातड्याला नावं ठेवायचे, आणि अंधार पडायच्या आत दोघं परतायची. त्यात विशेष असं काही नव्हतं, पण उस्तादांना विचारलं असतं की दिवसातला कुठला वेळ तुमचा स्वतःचा, तर त्यांनी तोच सांगितला असता. गेल्या काही महिन्यांत मात्र ते मोडलं होतं. आधी "आज नको" झालं. मग "गुडघे दुखताहेत" झालं. मग उस्तादांनीच विचारणं सोडलं, कारण नकार पचवण्यापेक्षा न विचारणं त्यांना मानाचं वाटे. आता ते एकटेच पुलावर जात आणि वाटेत कुणी "आज एकटेच?" म्हटलं की "तिचे गुडघे" म्हणून पुढे सरकत.

त्यात थोरल्या मेहुणीचा निरोप आला. नवरा गेल्यापासून ती दुसऱ्या गावी एकटी असते, घर मोठं आहे, तर बहिणीनं येऊन काही महिने राहावं. बायको म्हणाली, "जाऊन राहीन म्हणते."

"किती दिवस?"

"बघू."

तो 'बघू' उस्तादांच्या मनातून जाईना. या वयात बायका रागानं माहेरी जात नाहीत, हे त्यांना कळत होतं. पण या वयात बायका 'बघू' म्हणून जातात आणि मग तिकडेच त्यांना बरं वाटायला लागतं, हेही त्यांनी दोन घरांत पाहिलं होतं. आपल्याला ही कंटाळली, असं त्यांनी मनाशी धरलं. कशानं कंटाळली, हे काही त्यांना सुचेना. स्वतःच्या अंगात शोधायचं म्हटलं की माणसाची नजर नेमकी तिथंच अधू होते.

आणि एक गोष्ट त्यांना खटकत होती. गुडघे दुखतात म्हणणारी ही बाई दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाचा जिना कशी चढते? वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक भंते येत. तासभर सगळ्यांना डोळे मिटून बसवत आणि मग बुद्धांच्या शिकवणीतलं काहीतरी सांगत. वाचनालयाच्या बाईंच्या नादानं ती जायला लागली होती. उस्तादांचं त्यावर मत असं होतं की डोळे मिटून बसायचं तर घरात काय भिंती नाहीत? पण एका गुरुवारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि बायको गेल्यावर थोड्या वेळानं आपणही निघाले.

जिना चढून वर गेलं की एक अरुंद व्हरांडा होता. तिथं भिंतीला लागून लाकडी बाक आणि बाकाखाली सगळ्यांच्या चपला-बूट. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. उस्ताद बाकावर बसले आणि सवयीनं खाली बघायला लागले. लोक चेहरे वाचतात, ते पायताण वाचत. ही बाहेरून झिजलेली टाच, म्हणजे घाईचा माणूस. ही पुढून घासलेली, म्हणजे पाय ओढणारा. हा नवाकोरा, यंत्रावर शिवलेला, सहा महिन्यांत तोंड वासणार. आणि त्या सगळ्यात, एका बाजूला नीट जोडून ठेवलेले, त्यांनी शिवलेले बूट.

आत भंते बोलत होते. त्यांना जबर सर्दी झालेली होती.

"आता ही सर्दीच घ्या," भंते म्हणत होते. "नाक चोंदलंय हे दुःख आहेच. पण सकाळपासून माझ्या मनात एकच चाललंय, की आज गुरुवार, आजच का झाली? होऊ नये त्या वेळेला झाली. नाक एकदाच चोंदलंय, पण मी दिवसभर त्याच्यावर बसून राहिलोय."

आत लोक हसले. उस्तादांना वाटलं, बोलायला काय जातं. त्यांनी बायकोचा डावा बूट उचलला आणि त्यात हात घातला. बुटात हात घालणं ही त्यांची खोड होती. आपलं काम कसं मुरलंय, ते त्यांना बोटांनीच कळे.

बोटं आत सरकली आणि अंगठ्याच्या मुळापाशी अडखळली. तिथलं अस्तर कापलेलं होतं. फाटलेलं नव्हे, कापलेलं. कात्रीनं सरळ कापून कडा आत दुमडलेल्या, आणि त्या उसवू नयेत म्हणून बारीक टाके घातलेले. करंगळीपाशीही तसंच. टाचेत कापसाची घडी. कापलेल्या जागेच्या आत बोटाला काहीतरी कडक लागलं. त्यांनी बूट दिव्याकडे धरला. वाळलेला, तपकिरी डाग होता.

उजव्या बुटातही तेच निघालं.

पहिल्यांदा त्यांना आला तो राग. माझ्या शिलाईवर कात्री चालवली. मला न सांगता, माझ्याच घरात बसून. कान तापले. ते उठणारच होते, पण उघड्या दारातून भंतेंचा चोंदलेला आवाज येतच होता.

"दुःखाचं मूळ तहान आहे, असं बुद्ध सांगतात. आणि ही तहान तीन तऱ्हेची. पहिली, 'हे मला हवं'. ती सगळ्यांना माहीत आहे. तिसरी, 'हे मला नको', तीही कळते. मधली मात्र फार चिवट. 'मी असा असावा. ती तशीच राहावी. आमचं हे असंच असावं.' ती प्रेमाचे कपडे घालून येते, म्हणून दार लावता येत नाही." भंतेंनी नाक शिंकरलं. "हवं ते मिळालं की सुख होतं, नाही असं नाही. पण त्याला लगेच पहारा द्यावा लागतो. ज्याला पहारा लागत नाही, ते खरं सुख. कधी घरात पहारेकरी झोपला, की बघा काय वाटतं ते."

उस्ताद हातात बूट धरून बसून राहिले. त्यांना यातलं फारसं पटलं असं नाही. पण राग कुठं ठेवावा हे मात्र सुचेना.

आत हालचाल झाली. त्यांनी घाईनं बूट जागच्या जागी ठेवले आणि जिन्याच्या वळणावर, अंधारात जाऊन उभे राहिले. का लपलो, ते त्यांना सांगता आलं नसतं. तिथून खोलीचा अर्धा भाग दिसत होता. त्यांची बायको बसायच्या उशा गोळा करत होती. छातीपर्यंत उशांचा ढीग घेऊन ती अनवाणी, भराभर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, टाचा उचलून ढीग कपाटात वर सारला, वाचनालयाच्या बाईंना काहीतरी सांगून हसली आणि परत दुसरा ढीग न्यायला आली. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. लग्नाच्या वर्षी ती अशीच चालायची.

मग ती बाहेर येऊन बाकावर बसली. व्हरांड्यात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. तिनं बूट पुढे ओढले, थोडा वेळ त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली, एक श्वास घेतला आणि पाय आत घातला. तिचा चेहरा क्षणभर आक्रसला. दुसऱ्या पायाला पुन्हा तसंच झालं. नंतर तिनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला, जणू घरी न्यायचा चेहरा वेगळा होता, आणि भिंतीला धरून उठली.

उस्ताद मागच्या बोळातून तिच्या आधी घरी पोचले. ती आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," ती म्हणाली.

त्या रात्री ते अर्ध्या पानावरून उठले.

आता कुणीही म्हणेल, अरे बाबा, पाय मोज आणि मोकळा हो. पण माणूस इतका सरळ असता तर बुद्धांना एवढं चालावं लागलं नसतं. उस्तादांनी काय केलं? गावातलं सगळ्यात मऊ कातडं आणलं. लग्नाचा वाढदिवस आलाच होता. अस्तर पातळ घेतलं, दोरा बारीक घेतला, टाचेला आतून गादी दिली, आणि हा सगळा थाट नेऊन चढवला त्याच शिसवी फर्म्यावर. कातडं कडक असेल, दोरा जाड असेल, सगळं काही असेल, पण फर्मा चुकेल कसा? फर्मा चुकला म्हणजे... पुढचं वाक्य ते मनात पुरं होऊ देत नव्हते. तिकडे बायकोनं बहिणीकडे न्यायचे कपडे पिशवीजवळ काढून ठेवले होते. वाढदिवस झाला की ती जाणार होती.

दोन दिवसांनी दुपारी दुकानात भंते आले. सँडलचा पट्टा तुटला होता. सर्दी तशीच होती. उस्तादांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि आरी-दोरा घेतला. गुरुवारी आपण बाहेर बसलो होतो, याची त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. भंते बसल्या बसल्या भिंत न्याहाळत होते.

"या सगळ्यांना हे काय लावलंय?"

"ठिगळं. पाय बदलतो तसं फर्म्याला बदलावं लागतं."

"म्हणजे लाकडानं पायाचं ऐकायचं."

"ऐकायलाच हवं. नाहीतर पाय सोलून निघेल," उस्ताद म्हणाले आणि टाका ओढला.

भंते उठून एकेक फर्मा पाहू लागले. वकिलांच्या फर्म्यापाशी बराच वेळ थांबले. मग खिडकीपाशी आले. शिसवी फर्म्यावर अर्धा शिवलेला डावा बूट चढवलेला होता, पण उजवा मोकळा होता, आणि त्याच्यावर दुपारचं ऊन पडलं होतं.

"किती सुंदर काम आहे," ते म्हणाले. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "आणि एकही ठिगळ नाही." मग त्यांनी तो हलकेच परत खुंटीला लावला आणि आवाज उतरवून विचारलं, "या बाई तरुणपणीच गेल्या का?"

उस्तादांचा हात थांबला.

"कोण?"

"ज्यांचा हा पाय, त्या."

उस्तादांनी सँडल मांडीवरून खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "आहेत. दर गुरुवारी तुमच्याकडे येतात. उशा उचलून ठेवतात."

भंतेंनी फर्म्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे पाहिलं. एखाद्या शहाण्या माणसानं इथं चार शब्द सुनावून सगळ्याची वाट लावली असती. भंते जोरात शिंकले, रुमाल काढून नाक पुसलं आणि स्टुलावर येऊन बसले.

"पट्ट्याला वेळ लागेल का?"

"झालाच," उस्ताद म्हणाले. पण तो शेवटचा टाका त्यांना दोनदा घालावा लागला.

भंते गेल्यावर त्यांनी भरदुपारी दुकानाला कुलूप घातलं. घड्याळवाला दारात आला. "काय उस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

"घरी माप घ्यायचंय," उस्ताद म्हणाले.

दुकानामागेच घर. बायको खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. उस्तादांनी टेप, कागद, पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"पाय दे."

"कशाला?"

"मोजायचाय."

तिनं पाय मागे घेतला. "काहीतरीच काय. तुम्हाला माहीत नाही का माझं माप?"

"नाही," उस्ताद म्हणाले. हा शब्द त्यांना आयुष्यात इतका जड कधी गेला नव्हता. "गुरुवारी मी वर आलो होतो. बूट हातात घेतले होते तुझे."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"मग रागावला असाल."

"रागावलो होतो. आता नाही. दे पाय."

"नको. राहू द्या हो."

"अगं पण का?"

तिनं हातातली घडी खाली ठेवली. "तुम्ही तो फर्मा लोकांना दाखवता. निसर्गानं एकदाच काढलेला पाय, म्हणता. मी इकडे कपडे वाळत घालताना ऐकायची. आपल्याबद्दल असं रोज कुणी बोलत असेल तर कोण जाऊन सांगेल, की तो पाय आता राहिला नाही? आवळत होतं ते तुमच्या धाकानं पुन्हा सांगितलं नाही, हे खरं. पण निम्मंच. मलाही तो पाय हवा होता. तुमच्याइतकाच." मग ती जरा हसली. "भंते त्या मधल्या तहानेबद्दल सांगत होते ना, तेव्हा मला वाटलं, यांना कुणी सांगितलं आमच्या घरातलं?"

उस्तादांनी हात पुढे केला आणि ती पाय देईपर्यंत तसाच धरला. शेवटी तिनं पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. करंगळीला भोवरी. टाचेच्या वर दोन जागी जुन्या जखमांचे चट्टे. तळव्याची कमान, जिच्यावरून त्यांनी लग्नाच्या वर्षी लाकडावर तासन्‌तास कानस फिरवली होती, ती सपाट बसली होती. गावातले एवढे पाय त्यांनी मांडीवर घेतले, एवढ्यांच्या भोवऱ्या पाहून "बूट कुणी शिवला हा?" म्हणून नाकं मुरडली. आता हे विचारायला जागा नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी कागद खाली सरकवला आणि पायाभोवती पेन्सिल फिरवायला घेतली. अंगठ्याच्या हाडापाशी आल्यावर त्यांना रेघ दिसेना, आणि कागदावर एक थेंब पडला. त्यांनी तो बाहीनं टिपला. पेन्सिल आतल्या बाजूनं तळव्याला लागली तशी ती खुदकन हसली आणि पाय ओढला. कमान गेली होती, पण गुदगुल्या जागच्या जागी होत्या.

"हलू नकोस. माप चुकेल."

"पहिल्या वेळीही हेच म्हणाला होतात."

दुसरा पाय मोजून झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "बहिणीकडे कशाला जातेस, ते सांगशील?"

"तिकडे भाऊजींच्या जुन्या सपाता आहेत. चांगल्या ढगळ. त्या घालून मी दिवसभर हिंडते, अंगणात काय, बाजारात काय. ती मला हसते." मग तिला त्यांचा चेहरा दिसला असावा. "तुम्हाला सोडून नव्हते जात हो. बूट सोडायला जात होते."

उस्तादांनी तो मऊ कातड्याचा अर्धा जोड उसवला आणि शिसवी फर्मे कामाच्या फळीवर घेतले. ठिगळं कापली, कडा कातडं तासायच्या रापीनं उतरत्या केल्या. बायको जवळ येऊन बसली होती. दुसऱ्यांच्या फर्म्यांना ते ठिगळ सरसानं पक्कं चिकटवत. या वेळी त्यांनी सरसाचं भांडं बाजूला सारलं आणि चिमुकले खिळे घेतले.

पहिला खिळा अंगठ्यापाशी धरला, पण हात पुढे जाईना. इतक्या वर्षांची तकाकी होती ती. तेल घालून घालून राखलेली. बायकोनं हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी घाव घातला. लाकडाला बारीकशी चीर गेली आणि खिळा बसला. दुसरा त्यामानानं सोपा गेला.

"सरस नाही लावला?" तिनं विचारलं.

"कशाला? पुढच्या वर्षी काढून पुन्हा बघावं लागेल."

लग्नाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी जोड तयार झाला. दिसायला काही खास नव्हता. पुढून रुंद, अंगठ्यापाशी फुगीर. खिडकीत मांडला असता तर कुणी थांबून पाहिलं नसतं. बहिणीकडे ती जाणारच होती, ते काही बदललं नव्हतं. फक्त या वेळी 'बघू' नव्हतं, परत यायची तारीखही तिनंच सांगून टाकली होती. बूट पायात घालून तिनं नेहमीसारखी खोलीत एक फेरी मारली. भिंतीपर्यंत जाऊन परत आली. उस्ताद दारात उभे होते आणि दर वर्षीसारखेच त्या दोन शब्दांची वाट पाहत होते. वाट पाहतोय हे त्यांचं त्यांना कळलं, तेवढाच काय तो फरक.

"डावा जरा ढिला आहे," ती म्हणाली.

कान तापले. जुनी सवय, ती काय एका ठिगळानं जाते? उस्ताद थांबले. ताप आला तसा उतरला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की त्या 'आवळतंय का हो'नंतर इतक्या वर्षांत नवा जोड पायात घालून या घरात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य. तिनं ते भिंतीला न धरता, चेहरा न पुसता, मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हटलं होतं. तिला त्यांची भीती वाटली नव्हती. उस्तादांना हसू आलं.

"कुठं ढिला?"

"टाचेशी. पाय उचलला की निसटतो."

"दे इकडे. आत्ता करतो."

"आत्ता नको," ती म्हणाली. "उद्या करा. उजेड आहे तोवर पुलापर्यंत जाऊन येऊ."

दोघं निघाली. घड्याळवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढून पाहिलं आणि परत आत घेतली. बायको बहिणीच्या घराबद्दल सांगत होती, मधूनच कशावर तरी हसत होती, आणि तिच्या डाव्या टाचेचा प्रत्येक पावलाला चपक चपक असा आवाज होत होता. उस्तादांच्या हातून इतकं ढिसाळ काम आजवर झालं नव्हतं. ते पुलापर्यंत तो आवाज ऐकत तिच्या शेजारून चालत राहिले.